पायाचे ऑपरेशन आणि कुत्र्याचे पोट: एक आढावा

कुत्र्याच्या पायाचे ऑपरेशन झाले की घरच्या सगळ्यांची नजर टाक्यांवर असते. प्लेट नीट बसली का, पाय टेकतो का, टाके चाटत नाही ना, हेच विचारले जाते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाणारा फोन पुष्कळदा वेगळाच असतो. ‘परवापासून शी केलेली नाही’, किंवा ‘रात्रीपासून पातळ होते आहे, जागेवरच करतोय.’ पाय चांगला असतो, पोट बिघडलेले असते. आणि पोट बिघडले की पायाची शुश्रूषाही बिघडते. गोळ्या चुकतात, खाणे थांबते, ड्रेसिंग ओले होते, रात्रभर कोणी झोपत नाही.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत फ्लॅटमध्ये कुत्रे पाळणारी घरे आता प्रत्येक सोसायटीत आहेत, आणि पायाची शस्त्रक्रिया उपनगरातल्या खासगी दवाखान्यांतही होते. त्यामुळे हा प्रश्न घरोघरचा झाला आहे. त्यावर पशुवैद्यकात काय म्हटले जाते, मतभेद कुठे आहेत आणि काय अजून ठरायचे आहे, हे येथे क्रमाने मांडतो.

पार्श्वभूमी

मुंबईत प्राण्यांच्या उपचारांची संस्थात्मक सुरुवात परळला झाली. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था शहरात 1874 साली स्थापन झाली आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून 1883 साली बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले. लोकांच्या तोंडी ते आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ आहे, कारण तेव्हाचे शहर बैलांच्या आणि घोड्यांच्या जोरावर चालत होते. त्याच आवारात 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य.

घोड्यांच्या वैद्यकातली एक रीत या विषयाशी थेट जोडलेली आहे. भुलीनंतर घोड्याचे आतडे मंदावते, पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून ऑपरेशननंतर घोड्याने लीद कधी टाकली, किती टाकली, याची नोंद ठेवणे हा शुश्रूषेचाच भाग मानला जातो. कुत्र्यांच्या बाबतीत धोका तेवढा तीव्र नसल्याने ही शिस्त त्याच कटाक्षाने पाळली जात नाही.

दरम्यान पायाच्या शस्त्रक्रिया बदलल्या. प्लास्टर आणि हाडातल्या रॉडपुरते असलेले काम प्लेट-स्क्रूपर्यंत गेले. गुडघ्याचा लिगामेंट तुटल्यावर नडगीच्या हाडाच्या माथ्याचा उतार बदलून गुडघा स्थिर करण्याची पद्धत बार्कले स्लोकम यांनी 1993 साली मांडली; ती आता भारतातल्या मोठ्या शहरांतही होते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांची सरकलेली वाटी बसवणे, लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डच्या खुब्यावरचे उपचार, वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्यांचे मोडलेले पाय जोडणे ही कामे नेहमीची झाली. 2024 साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले.

औषधेही बदलली. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात 2006 साली बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम पशुवैद्यकात सर्वत्र पोहोचले. शस्त्रक्रिया सुधारल्या, वेदनाशामके वाढली, आणि त्यांच्यासोबत पोटाच्या तक्रारीही घरापर्यंत आल्या.

पोट का बिघडते

आधी बद्धकोष्ठ पाहू. ऑपरेशनपूर्वी कुत्रे उपाशी असते, नंतरही एक-दोन दिवस नीट खात नाही. आत काही गेलेच नाही तर बाहेर काय येणार? त्यामुळे पहिली शी दोन-तीन दिवसांनी होणे हे बहुतेक वेळा स्वाभाविक असते. त्यात मॉर्फीन, फेंटॅनिल, ब्युप्रेनॉर्फीन यांसारखी अफूवर्गीय औषधे आतड्याच्या भिंतीवर काम करून त्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावतात. मळ आत रेंगाळतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. पाणी कमी प्यायले गेले की त्यात भर पडते.

दुसरे कारण बैठकीचे आहे. शीसाठी कुत्र्याला दोन्ही मागचे पाय वाकवून, पाठ गोल करून काही क्षण तोल सांभाळावा लागतो. गुडघ्याला टाके असताना सगळा भार एका पायावर येतो. एकदा दुखले की ते पुन्हा बसायला कचरते. तिसरे कारण शिस्तीचे. वर्षानुवर्षे ‘घरात करायचे नाही’ हा धडा गिरवलेले कुत्रे बाहेर जाता येत नाही म्हणून रोखून धरते.

जुलाबाची कारणे वेगळी. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन या वर्गातली वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये अडवतात. सूज कमी होते ती त्यामुळेच. पण जठराच्या अस्तराचे रक्षणही याच द्रव्यांकडे असते, म्हणून उलटी, पातळ शी आणि क्वचित व्रण होतात. प्रतिजैविके आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल ढळवतात. दवाखान्यातल्या मुक्कामाच्या ताणाने मोठ्या आतड्याला सूज येते. आणि प्रेमापोटी घरचे अचानक चिकन सूप, पनीर, चीज, दूध सुरू करतात. गोळी लपवायलाही चीजच लागते.

येथे एक नेहमीची गफलत होते. मोठे आतडे सुजले की कुत्रे वारंवार बसते, कुंथते आणि थोडासा चिकट मळ टाकते. कुंथताना पाहून घरचे बद्धकोष्ठ समजतात आणि रेचक देतात. म्हणून किती वेळा बसले यापेक्षा काय पडले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. त्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवण्यात संकोच नको.

काही वेळा मूळ कारण ऑपरेशनशी संबंधितच नसते. मुंबईच्या दमट हवेत गोचीड ताप वर्षभर भेटतो. एर्लिकियाच्या संसर्गात प्लेटलेट घटतात आणि आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो. लसीकरण न झालेल्या पिल्लात पार्व्होचा विचार आधी करावा लागतो. अपघाताच्या रुग्णात पायाबरोबर ओटीपोटाचे हाडही मोडलेले असेल, तर मळाचा मार्गच अरुंद होतो. तेथे कोणतेही घरगुती पथ्य पुरे पडत नाही.

मतभेदाचे मुद्दे

पहिला मुद्दा उपासाचा. ‘रात्री दहानंतर काही देऊ नका’ ही सूचना जुनी आणि सोपी आहे. भुलीत अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ नये, हा तिचा हेतू. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत हा धोका खरा आहे, आणि ऑपरेशनची वेळ मागेपुढे होणाऱ्या दवाखान्यात सरसकट सूचना सोयीचीही पडते. दुसरी बाजू अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या 2020 च्या भूलविषयक मार्गदर्शिकेत दिसते. निरोगी प्रौढ कुत्र्याला 4 ते 6 तासांचा उपास पुरेसा, पाणी बंद करण्याची गरज नाही, धोका असलेल्यांचा विचार वेगळा, असे ती सांगते. रात्री दहाला जेवलेल्या कुत्र्याचे ऑपरेशन दुपारी तीनला झाले तर उपास 17 तासांचा होतो, आणि पोटाची घडी तेथूनच विस्कटू लागते.

दुसरा मुद्दा वेदनाशामकांचा. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेची वेदनाविषयक मार्गदर्शिका 2014 साली आली आणि 2022 मध्ये सुधारली गेली. एकाच औषधाचा मोठा डोस देण्यापेक्षा वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र वापरावीत, हा तिचा गाभा. त्याच्या अंमलबजावणीत मात्र मते वेगळी आहेत. काहींच्या मते पहिले एक-दोन दिवस अफूवर्गीय औषधांना पर्याय नाही; शी एक दिवस उशिरा झाली तरी चालेल. काहींचा भर मज्जातंतू बधिर करणाऱ्या इंजेक्शनांवर असतो, म्हणजे अफूवर्गीय औषधे कमी लागतात.

ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांचा वाद याच्याच पोटातला. माणसात या औषधाचा प्रभाव ज्या घटकामुळे पडतो, तो कुत्र्याच्या शरीरात फार थोडा तयार होतो. सांधेदुखीच्या कुत्र्यांवर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ट्रॅमाडॉल निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही, कार्प्रोफेन ठरले. त्याच वर्षी भारतात ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. तरीही ऑपरेशननंतरचे काही दिवस आणि जुनी सांधेदुखी या दोन गोष्टी एक नाहीत, असे त्याचे समर्थक म्हणतात.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. वेदनेनेही आतडे मंदावते, भूक मरते, बसणे टळते. म्हणून शी होत नाही हे पाहून घरच्यांनी परस्पर वेदनाशामक बंद करू नये. उलट पातळ शीबरोबर उलटी किंवा काळा मळ दिसला, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरा मुद्दा सोबतच्या औषधांचा. वेदनाशामकाबरोबर आम्लशामक लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पोटाला आधीच जपावे, हा त्यामागचा साधा तर्क. अमेरिकेतील पशुवैद्यकीय अंतर्गत औषधशास्त्राच्या तज्ज्ञमंडळाने 2018 च्या निवेदनात निरोगी कुत्र्याला असे प्रतिबंधक आम्लशामक देण्यास पुरेसा आधार नसल्याचे म्हटले. व्रण झाल्यावर त्यांचा उपयोग आहे, हे कोणी नाकारत नाही.

प्रतिजैविकांचेही तसेच. शस्त्रक्रियेच्या वेळी ती द्यावीत, यावर वाद नाही. नंतर किती दिवस, यावर आहे. नडगीचा उतार बदलण्याच्या ऑपरेशनात जंतुसंसर्गाचे प्रमाण इतर स्वच्छ शस्त्रक्रियांहून जास्त दिसते, म्हणून अनेक शल्यविशारद कोर्स पूर्ण करायला सांगतात. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र दोन्ही बाजूंचे आहेत. जुलाब लागले की मेट्रोनिडाझोल सुरू करण्याच्या सवयीवर टीका अधिक ठाम आहे. मोठ्या आतड्याच्या सुजेवरील 2022 सालच्या एका चाचणीत केवळ आहारावर ठेवलेली कुत्री मेट्रोनिडाझोल घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरली. 2024 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही सौम्य आणि मध्यम जुलाबात प्रतिजैविके देऊ नयेत, असे सांगतात.

चौथा मुद्दा आहाराचा. उकडलेले चिकन आणि मऊ भात, थोडे थोडे चार वेळा, हा सर्वमान्य मार्ग. त्यात उकडलेला लाल भोपळा किंवा इसबगोल घालण्याचा सल्लाही सर्वत्र मिळतो. इसबगोल पाणी धरून ठेवतो, म्हणून पातळ मळ बांधला जातो आणि कोरडा मळ मऊ होतो. परंतु पाणी न पिणाऱ्या कुत्र्याला नुसता इसबगोल दिला तर मळ अधिकच घट्ट होतो. म्हणून ओले जेवण आधी, इसबगोल नंतर. लॅक्ट्युलोजचे सिरप माणसांचेच वापरले जाते; त्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवावे, कारण जास्त झाले की जुलाब आणि शोष दोन्ही होतात.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. तेथले कुत्रे दूध-पोळी, खिचडी, पनीरवर वाढलेले असते. ऑपरेशनच्या आठवड्यातच त्याला चिकन सुरू केले तर पोट बिघडू शकते. सवयीचेच मऊ, बिनमसाल्याचे अन्न द्यावे आणि दूध तेवढे टाळावे, असा एक मतप्रवाह आहे. हाड सांधायला प्रथिने हवीत, म्हणून अंडे किंवा शस्त्रक्रियेनंतरसाठी बनवलेले तयार खाद्य आणावेच, असा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. बदल करायचा तो ऑपरेशनच्या आधी आठवडाभर हळूहळू करावा, हा मध्यममार्ग दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखा आहे. दहीभात बहुतेक कुत्र्यांना सोसतो. पण दही म्हणजे औषधी प्रोबायोटिक नव्हे. कुत्र्यांसाठीच्या प्रोबायोटिकचा थोडा फायदा काही अभ्यासांत दिसला आहे.

पाचवा मुद्दा विश्रांतीचा. पूर्वी सहा-आठ आठवडे पिंजरा, असा सल्ला असे. आता दोरीवर धरून काही मिनिटांच्या फेऱ्या आणि सांध्याची हलकी हालचाल लवकर सुरू करावी, याकडे कल आहे. आतड्यासाठी ते चांगलेच. मात्र हाडाचे तुकडे झालेले असतील किंवा जोडणी नाजूक असेल, तर फेरी फक्त शी-शूपुरती, हा शल्यविशारदाचा शब्द अखेरचा.

उपनगरातले घर

परदेशी मार्गदर्शिका ‘मागच्या अंगणात न्या’ असे सांगून मोकळ्या होतात. मुलुंड किंवा विलेपार्ल्याच्या जुन्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून तीस किलोंचा लॅब्रॅडॉर दिवसातून चार वेळा खाली नेणे हे दोन माणसांचे काम आहे. घरातल्या गुळगुळीत टाइलवर पाय घसरतो, म्हणून तो शीला बसतच नाही. पावसाळ्यात सखल भागात पाणी साचते, टाके भिजण्याची आणि लेप्टोची भीती असते, आणि कित्येक कुत्री पावसात शी करतच नाहीत.

यावर उपाय साधे आहेत, पण ते ऑपरेशनच्या आधी करावे लागतात. बाल्कनीत किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात गवताचा तुकडा, माती किंवा नारळाच्या काथ्याची चटई ठेवून तेथे शी-शू करण्याची सवय दोन आठवडे आधी लावावी. ज्या वाटेने तो चालणार तेथे सतरंजी किंवा रबरी मॅट घालावी. पोटाखालून जुना टॉवेल किंवा ओढणी घालून मागचा भार उचलून धरला की तो निर्धास्त बसतो. लांब केसांच्या कुत्र्याचे शेपटीखालचे केस आधीच कापून घ्यावेत, म्हणजे पातळ शी टाक्यांपर्यंत पोहोचत नाही. बाहेर जाताना ड्रेसिंगवर प्लास्टिक बांधावे आणि आल्यावर लगेच काढावे, नाहीतर आत घाम धरतो.

सोसायटीचा प्रश्नही यात येतो. पाळीव प्राण्यांना लिफ्ट वापरू द्यावी, अशा सूचना भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली दिल्या आहेत. मुंबई महापालिकेच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींनुसार प्राण्याची घाण उचलणे ही मालकाची जबाबदारी आहे. जुलाबाच्या दिवसांत जिन्यात किंवा लिफ्टमध्ये अपघात होणारच. सेक्रेटरी आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले आणि सोबत कागद-पाणी नेले, तर पुष्कळ कटुता टळते.

अंतराचाही विचार हवा. उपनगरातली रिक्षा वांद्रे आणि शीवपलीकडे जात नाही, त्यामुळे परळ किंवा महालक्ष्मीच्या फेरतपासणीला बोरिवलीकराला टॅक्सीच करावी लागते. पोटाच्या तक्रारीसाठी जवळचा डॉक्टर आणि पायासाठी लांबचा शल्यविशारद, अशी विभागणी मग आपोआप होते. अशा वेळी दोघांची औषधे एकमेकांवर पडू नयेत, म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत नेणे अत्यावश्यक आहे.

रस्त्यावरची कुत्री

गाडीखाली सापडलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याचे ऑपरेशन एखादी संस्था किंवा वस्तीतले लोक वर्गणी काढून करतात. नंतर ते पिंजऱ्यात किंवा कोणाच्या तात्पुरत्या घरात राहते. आयुष्यभर मातीवर शी केलेल्या कुत्र्याला लादीवर ती होत नाही. ग्लुकोज बिस्किटे आणि उरलेसुरले खाऊन वाढलेल्या पोटाला एकदम पौष्टिक आहार झेपत नाही. जंत, गोचीड, कुपोषण आधीचेच असते. येथे जंतांची आणि प्लेटलेटची तपासणी, ओटीपोटाचा एक्स-रे आणि पिंजऱ्यात मातीचा ट्रे, या गोष्टी महागड्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

जिथे वाद नाही

काही खुणा दिसल्या की वाट पाहू नये, यावर सर्वांचे एकमत आहे. डांबरासारखा काळा, चिकट मळ. मात्र लोहाचे टॉनिक चालू असेल तर त्यानेही शी काळसर होते, म्हणून ते डॉक्टरांना सांगावे. भरपूर ताजे रक्त. वारंवार उलट्या. पांढुरक्या हिरड्या. एक दिवसाहून अधिक अन्नत्याग. चोवीस तास लघवी नाही. खाऊनपिऊन चार दिवस झाले तरी शी नाही, किंवा कुंथूनही काही येत नाही. आणि फुगलेले पोट व कोरडे ओकारे. मोठ्या कुत्र्यात ही जठराला पीळ पडल्याची खूण असू शकते आणि तेव्हा तासाचाही उशीर परवडत नाही.

घरी काय करू नये, यावरही एकमत आहे. माणसांचे फॉस्फेट एनिमा लहान कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. एरंडेल किंवा तेल जबरदस्तीने पाजले तर ते फुप्फुसात जाते. लोपेरामाईड स्वतः अफूवर्गीय आहे आणि कोलीसारख्या जातींत मेंदूवर परिणाम करते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊच नयेत. दोन वेदनाशामके एकत्र किंवा त्यांच्यासोबत स्टेरॉइड देऊ नये. मेलॉक्सिकॅम ओळखीचे म्हणून माणसांची गोळी देणेही घातक: किलोला 0.1 मिलिग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने पाच किलोंच्या पॉमेरेनियनला अर्धा मिलिग्रॅम लागतो, आणि माणसांची एक गोळी 15 मिलिग्रॅमची, म्हणजे तीसपट असते. कांदा, लसूण, मनुका आणि झायलिटॉल असलेली शुगरफ्री सिरपे वर्ज्य. हाडे चघळायला देऊ नयेत. त्यांचा चुरा मळात दगडासारखा बसतो.

अजून न सुटलेले

उपास किती कमी करता येईल, हे चपट्या तोंडाच्या कुत्र्यांबाबत ठरलेले नाही. प्रतिजैविके किती दिवस, यावर मतैक्य नाही. आहाराचे बहुतेक अभ्यास तयार खाद्यावर झाले आहेत. दहीभात, खिचडी, पोळीवर जगणाऱ्या आपल्या कुत्र्यांचे निष्कर्ष त्यांवरून काढता येत नाहीत. पहिली शी किती दिवसांत व्हावी, याचा शस्त्रक्रिया आणि औषधांनुसार आखलेला ठोकताळा नाही. हे काम मुंबईत होऊ शकते. पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मोठी रुग्णालये आहेत, रुग्णांची वाण नाही. नोंदी तेवढ्या हव्यात.

निष्कर्ष

मतभेद खरे आहेत, पण त्यांचा कल एकाच दिशेने आहे. उपास गरजेपुरता, वेदनाशमन पुरेसे आणि विभागून, प्रतिजैविके व आम्लशामके कारण असेल तेव्हाच, आहारात अचानक बदल नको, आणि पायाला सोसेल तितकी हालचाल. पोटाच्या बहुतेक तक्रारी आधी ओळखता येतात, म्हणून त्यांची तयारी ऑपरेशनच्या तारखेआधीच व्हायला हवी. डॉक्टरांना विनंती अशी की डिस्चार्ज कार्डावर औषधांखाली चार ओळी शी-शूसाठी ठेवाव्यात: किती दिवस वाट पाहायची, काय खायला द्यायचे, कोणते औषध कधी थांबवायचे, रात्री फोन कोणाला करायचा. आणि घरच्यांना विनंती अशी की ऑपरेशनच्या दिवसापासून एका वहीत रोज लिहावे: काय खाल्ले, किती पाणी प्यायले, शी कधी आणि कशी झाली, लघवी किती वेळा. ही वही घेऊन फेरतपासणीला जा; डॉक्टरांचा निर्णय तिच्यामुळे लवकर आणि अचूक होईल.